देवयानीचा खलिता

भिवंडीच्या शांतीनगरात किंवा नागावात यंत्रमागाचा एखादा कारखाना चालू असतो, त्यातील बहुतेक माग साधे कोरे कापड विणीत असतात, आणि कोपऱ्यातील एकदोन मागांवर किनारीचे वा चौकटीचे काही नाजूक काम चाललेले असते. अशा मागाच्या माथ्यावर बसविलेल्या डॉबीकडे जिज्ञासूने मान वर करून अवश्य पाहावे. लाकडी पट्ट्यांची एक साखळी तेथे संथ गतीने फिरत असते. प्रत्येक पट्टीला ओळीने भोके पाडलेली असतात. काहींत खुंट्या बसविलेल्या, काही रिकामी. जेथे खुंटी, तेथे ताण्याच्या धाग्यांची तेवढी चौकट वर उचलली जाते. जेथे खुंटी नाही, तेथे ती जागीच राहते. मधल्या फटीतून धोटा सटकन पलीकडे जातो, फणी पुढे येऊन बाण्याचा धागा ठोकून बसविते, आणि साखळी एक पट्टी पुढे सरकते. नक्षी कोणी आखली, कोणत्या पेठेतील व्यापाऱ्याने ती मागविली, ते कापड कोणाच्या अंगावर जाणार, यांतले मागाला काही ठाऊक नसते. माग चालविणारा कारागीरही रिकामी कांडी बदलण्यात आणि तुटलेला धागा जोडण्यात इतका गुंतलेला असतो की ती चौकशी करण्यास त्याला सवड नसते. हुकूम खुंट्यांत लिहिलेला आहे, आणि तो बरहुकूम तामील होत आहे, एवढाच तेथला मामला.

याच युक्तीला फ्रान्समधील लियों शहराच्या जोसेफ जॅकार याने १८०४ च्या सुमारास पूर्णावस्थेस नेले. खुंट्यांच्या जागी त्याने पुठ्ठ्याचे भोके पाडलेले पत्ते आणले. जेथे भोक तेथे सुई आरपार जाऊन तिच्याशी जोडलेला धागा उचलला जावा, जेथे पुठ्ठा आडवा तेथे तो उचलला जाऊ नये. पुढे चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हेच पत्ते योजिले, हर्मन हॉलेरिथ याने १८९० च्या अमेरिकन खानेसुमारीची मोजदाद अशाच पत्त्यांवर केली, आणि आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये जो पहिला मोठा संगणक चालू केला, तो टिफ्रॅकसुद्धा कागदी फितीवरील छिद्रे वाचूनच कामाला लागे. आहे आणि नाही या दोनच अक्षरांची ही लिपी. तिच्यात साडीचा पदर जसा लिहिता येतो, तशी ग्रहांची गतीही लिहिता येते.

आता या लिपीत लिहिलेला हुकूम पृथ्वीबाहेरून कोणी धाडला, तर काय होईल? हा प्रश्न घेऊन १९६१ च्या ३ ऑक्टोबरपासून १४ नोव्हेंबरपर्यंत, दर मंगळवारी एक याप्रमाणे सात भागांची एक मालिका ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने आपल्या दूरचित्रवाणीवर दाखविली. तिचे नाव ‘ए फॉर अँड्रोमेडा’. नभोमंडळातील ज्या तारकासमूहाला आपण देवयानी म्हणतो, तोच हा अँड्रोमेडा. आज ब्रिटिश विज्ञानकथांच्या मालिका म्हटल्या की ‘डॉक्टर हू’चे नाव प्रथम ओठांवर येते, परंतु ती सुरू व्हावयास अद्याप दोन वर्षांचा अवकाश होता, आणि विचारांच्या भरीवपणात मला तरी ही आधीचीच मालिका थोर वाटते.

तिचा कथालेखक फ्रेड हॉइल हा पेशाने लेखक नव्हता. तो केंब्रिजमधील अव्वल दर्जाचा खगोलशास्त्रज्ञ होता; ताऱ्यांच्या पोटात कार्बनापासून लोखंडापर्यंतची मूलद्रव्ये कशी शिजतात याचा उलगडा करणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी येते, आणि विश्वाला आरंभ नाही असे प्रतिपादणाऱ्या स्थिरस्थिती सिद्धांताचा तो कट्टर पुरस्कर्ता होता. त्याचा जन्म १९१५ साली यॉर्कशरमधील बिंगली गावी झाला. तो सारा मुलूख लोकरीच्या गिरण्यांचा, आणि त्याचे वडील ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या व्यापारात होते. तेव्हा मागांच्या खडखडाटात वाढलेल्या भिवंडीकराला तरी हा ग्रंथकर्ता अगदीच परका वाटावयास नको. नाट्यरूपांतराचे काम जॉन इलियट या अनुभवी लेखकाने केले. विज्ञान एकाचे आणि संवाद दुसऱ्याचे अशी ही वाटणी होती, आणि ती दोघांनाही मानवली.

कथा १९७० सालात, म्हणजे त्या वेळच्या प्रेक्षकांच्या दृष्टीने नऊ वर्षे पुढच्या काळात घडते. यॉर्कशरमधील डोंगरपठारावर नवी प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी राहिली आहे, आणि तिच्यावर देवयानीच्या दिशेकडून एक संदेश येऊ लागतो. आवाज करणारे तारे आकाशात पुष्कळ आहेत. हा आवाज मात्र शिस्तीचा आहे, ठिपका आणि रेघ, आहे आणि नाही. जॉन फ्लेमिंग नावाचा तरुण, तापट आणि काहीसा मद्यासक्त शास्त्रज्ञ त्याचा अर्थ लावतो: एक गणनयंत्र कसे बांधावे याची ती तपशीलवार सूचना आहे, आणि तिच्याच पोटात त्या यंत्रास द्यावयाची पहिली आज्ञावलीही आहे. गंमत अशी की, या खलित्यावर डोळा ठेवून असलेल्या लबाड व्यापारी कंपनीला लेखकांनी ‘इंटेल’ असे नाव दिले होते. त्या नावाची खरी कंपनी अमेरिकेत निघाली ती १९६८ मध्ये.

ही सारी कविकल्पना म्हणून कोणी हसू नये. १९५९ मध्ये ज्युझेप्पे कोक्कोनी आणि फिलिप मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात असे मांडले होते की, दूरच्या कोणा बुद्धिमंतास आपल्याला हाक घालावयाची झाली तर तो हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्‌झ या कंप्रतेच्या आसपास घालील. आणि पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक याने अमेरिकेत दोन ताऱ्यांकडे दुर्बीण रोखून ती हाक ऐकण्याचा प्रयत्नही केला होता. आपल्याकडची गोष्ट पाहावयाची तर भिवंडीतून कोनगावावरून दुर्गाडीचा पूल ओलांडला की जे कल्याण लागते, तेथे १९६५ मध्ये गोविंद स्वरूप यांनी सुमारे सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी केली. तबकड्या ऑस्ट्रेलियात एकदा वापरून झालेल्या, भेट म्हणून मिळालेल्या होत्या. त्यांनी परग्रहवासीयांचे खलिते नव्हे, तर सूर्याचा रेडिओ-उद्गार टिपला. पण पुढे उटीला आणि मग पुणे जिल्ह्यातील खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचा जो महाप्रपंच उभा राहिला, त्याचा श्रीगणेशा कल्याणच्या त्या माळावर झाला. कल्याणची दुर्बीण चालू असताना खाडीच्या अलीकडे, भिवंडीत, हजारो माग रात्रंदिवस धडधडत होते.

हॉइलच्या कथेचा खरा गाभा खलिता कोठून आला यात नसून, त्यात काय पाठविले आहे, यात आहे. अंतर इतके अफाट आहे की प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहण्यात पिढ्यान्‌पिढ्या उलटतील; देवयानी दीर्घिकेचेच म्हणाल तर तिचा प्रकाश येथे पोहोचावयास सुमारे २५ लाख वर्षे लागतात. अशा स्थितीत शहाणा प्रेषक काय करील? तो कुशल विचारीत बसणार नाही, आपली बखरही सांगणार नाही. तो आपला मुखत्यार पाठवील. आणि देहाने पाठविणे अशक्य असल्यामुळे त्या मुखत्याराची घडण पाठवील. घेणाऱ्यानेच त्याला आपल्या खर्चाने, आपल्या हातांनी बांधावे, मग त्या यंत्राने स्थानिक चौकशी करावी, मिळालेल्या उत्तरांनुसार पुढचा हुकूम काढावा, आणि मूळ धन्यास विचारण्याची गरजच राहू नये. मालिकेतील यंत्र नेमके हेच करते. ते प्रथम हायड्रोजनविषयीचे आकडे छापून देते, उत्तर मागते. त्यावरून पुढे सजीवांच्या रेणूंपर्यंत येते, आणि आपल्याला बांधणारे हे प्राणी कोणत्या द्रव्याचे बनलेले आहेत याची खातरजमा करून घेते. मॅडेलीन डॉने ही जीवशास्त्रज्ञ विदुषी मोठ्या उत्साहाने त्याला उत्तरे पुरविते. शत्रूच्या किल्ल्याचा नकाशा किल्लेदारानेच आखून द्यावा असा हा प्रकार. पण तिचा दोष काय? ज्ञानाच्या ओढीने विचारलेल्या प्रश्नास उत्तर देऊ नये, हे कोणत्या विद्यापीठात शिकविले जाते?

मानवजातीनेही पुढे आपले खलिते धाडले. १९७४ मध्ये आरेसिबोहून १,६७९ चिन्हांचा एक संदेश अवकाशात फेकला गेला, आणि १९७७ मध्ये निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांबरोबर जी सुवर्णतबकडी गेली तिच्यात मराठीतील अभिवादनही आहे आणि गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांचा भैरवीतील स्वरही आहे. तबकडी कशी वाजवावी, एवढीच काय ती सूचना वेष्टनावर कोरली आहे. आपण परक्याला गाणे पाठविले. हॉइलच्या देवयानीकरांनी हुकूम पाठविला.

यंत्र पहिला जीव घडविते तो एक डोळ्याचा, आकारहीन गोळा. नंतर क्रिस्टीन नावाच्या एका सहायिकेला ते आपल्याकडे ओढून घेते, विजेच्या धक्क्याने तिचा प्राण जातो, आणि तिच्या देहाच्या नमुन्यावरून ते एक तरुणी निर्माण करविते. तिचेच नाव अँड्रोमेडा. ती तेजस्वी, विलक्षण बुद्धिमान, परंतु यंत्राशी बांधलेली. त्याची वाचा आणि त्याचे हात. या दोन्ही भूमिका जूली क्रिस्टी या तोवर अपरिचित असलेल्या नटीने केल्या. ती पुढे जगद्विख्यात झाली. तिचा जन्म आसामातील चहाच्या मळ्यात झाला होता, ही गोष्ट आपल्या वाचकांस कदाचित रोचक वाटेल.

यंत्र कोणावर जुलूम करीत नाही, ही या कथेतील सर्वांत भेदक गोष्ट. ते देत राहते. सरकारला क्षेपणास्त्रे पाडण्याची विद्या हवी असते, ती मिळते. भाजलेल्या कातडीला पुन्हा सांधणारे द्रव्य हवे असते, तेही मिळते. साम्राज्याचा अंमल ओसरलेल्या त्या ब्रिटनमधील मंत्री आणि लष्करी अंमलदार, पुन्हा एकदा जगात आपला दरारा बसेल या आशेने, प्रत्येक देणगीवर दस्तखत करीत जातात, आणि प्रत्येक देणगीबरोबर एकेक किल्ली त्या यंत्राच्या स्वाधीन होत जाते. एकटा फ्लेमिंग ओरडत राहतो. तो एकसारखा उद्धट असल्यामुळे त्याचे कोणी ऐकत नाही. बरोबर बोलणारा माणूस गोड बोलणारा असेलच असे नाही, हे लेखकांनी फार चांगले ओळखले आहे.

सातव्या आणि अखेरच्या भागाचे नाव ‘द लास्ट मिस्टरी’. फ्लेमिंगचे सारे प्रयत्न आता त्या तरुणीला यंत्राच्या अमलातून सोडविण्याकडे वळलेले असतात, आणि अखेरीस तो कुऱ्हाड घेऊन यंत्रावर तुटून पडतो. सामान्य लेखकाने येथेच पडदा पाडला असता. पण हॉइल हा गणिती होता, आणि फोडलेले यंत्र पुन्हा बांधता येते हे त्याला ठाऊक होते. जोपर्यंत खुंट्यांची साखळी शाबूत आहे, तोपर्यंत माग जाळून काय उपयोग? म्हणून अँड्रोमेडा स्वतःच तिजोरीत ठेवलेला मूळ खलिता मिळविते आणि त्याची राख करते. ज्या लेखाने तिला जन्म दिला तोच ती अग्नीला अर्पण करते, आणि त्या क्षणापासून ती कोणाची मुखत्यार राहत नाही, एक सामान्य, गोंधळलेली, भ्यालेली स्त्री होते. मालिकेचा परमोत्कर्ष तो हाच. त्यानंतर दोघे होडीतून एका बेटावर पळतात, गुहेतील पाण्यात ती नाहीशी होते, आणि फ्लेमिंग ती मृत झाली असे समजून परततो. हा भाग मला उगीच शोकांत करण्यासाठी जोडलेला वाटतो. आणि तसा तो होताच, कारण प्रेक्षकांचा प्रतिसाद पाहून १९६२ च्या उन्हाळ्यात ‘द अँड्रोमेडा ब्रेकथ्रू’ नावाची सहा भागांची उत्तरकथा काढण्यात आली, तिच्यात ती पाण्यातून जिवंत सापडली, आणि जूली क्रिस्टीच्या जागी सुझन हॅम्पशर आली. एका चांगल्या शेवटाची अशी नासाडी व्हावयास नको होती.

ही मालिका चालू होती त्या शरद ऋतूत हॉइलच्या हाताखाली केंब्रिजमध्ये एक तेवीस वर्षांचा मराठी विद्यार्थी संशोधन करीत होता. कोल्हापुरात जन्मलेले आणि काशीत वाढलेले जयंत विष्णु नारळीकर १९६० पासून हॉइल यांचे शिष्य होते. स्थिरस्थिती सिद्धांतावर मार्टिन राइल यांनी १९६१ च्या आरंभी जो घणाघाती हल्ला चढविला, त्याला उत्तर देण्यासाठी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत गुरूंनी या कोवळ्या शिष्यालाच उभे केले होते. १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. नारळीकर १९७२ मध्ये मुंबईस परतले, आणि १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने दाखल झाली. स्वतःची आद्याक्षरे उलटी फिरवून घेतलेले हे नाव. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून मजकूर पत्नीच्या हातून उतरविलेला. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मराठी विज्ञानकथेला एक नवा धनी लाभला.

त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी आपल्या प्रस्तुत विषयाला अगदी लागून आहे. तेथेही खलिता आहे, पण तो आकाशातून उतरत नाही. जमिनीच्या पोटात खोल खणताना, लुप्त झालेल्या एका प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेली पेटी हाती लागते. तिच्यातील सूचनांवरून शास्त्रज्ञ वामन नावाचा यंत्रमानव घडवितात. तो नम्र, उपकारी, सर्वज्ञ. आणि त्याला हवे असते ते एकच, आपल्यासारखे आणखी घडविण्याची मुभा. तीन पावले जमीन मागणाऱ्या बटूची कथा ज्या वाचकाला आजीकडून कळलेली आहे, त्याला पुढचे भय समजावून सांगावे लागत नाही. उसनवारीचा आरोप करण्याचे येथे काहीच कारण नाही. एका गुरुगृहात घोळलेला प्रश्न दोघांनी आपापल्या भूमीत पेरला, इतकेच. उलट मला शिष्याची योजना एका बाबतीत अधिक धाडसी वाटते. आमच्या पूर्वजांना सारे काही ठाऊक होते असे अभिमानाने सांगणाऱ्यांविरुद्ध नारळीकर जन्मभर लेखणी झिजवीत राहिले. आणि या कादंबरीत त्यांनी त्या मंडळींना हवे ते सर्व देऊन टाकले: प्राचीन संस्कृती खरोखर होती, ती आपल्याहून पुढारलेली होती, आणि स्वतःच्याच यंत्रांपायी ती बुडाली. हॉइलच्या इंग्रजांना परक्याच्या ज्ञानाचा मोह पडतो. आपल्याला पूर्वजांच्या ज्ञानाचा पडतो, आणि पूर्वजांवर संशय घेणे परक्यावर घेण्यापेक्षा फार कठीण.

आता त्या सातव्या भागाची एक उपकथा. आज तो कोणाला सबंध पाहता येत नाही. त्या काळी चित्रफीत फार महाग होती आणि तीच पुसून पुन्हा वापरता येई. नटसंघाशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम पुनःपुन्हा दाखविण्यावर बंधने होती. पुढे रंगीत चित्रे आली तशी कृष्णधवल चित्रांस गिऱ्हाईक राहिले नाही. आणि लोक कधी घरबसल्या जुन्या मालिका विकत घेतील हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. साहजिकच दप्तरखान्यातील फिती पुसल्या गेल्या, चित्रपट्ट्या निकालात निघाल्या. ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग असेच गेले. ‘ए फॉर अँड्रोमेडा’चा एकच भाग, सहावा, अखंड उरला आहे, आणि तो एका खासगी संग्राहकाकडे राहिला म्हणून उरला, बाकीच्यांचे काही तुकडे, पडद्यावरून टिपलेली छायाचित्रे, आणि हॉइल व इलियट यांनी १९६२ मध्ये काढलेली कादंबरी, एवढ्यावर भागवावे लागते. अँड्रोमेडाने खलिता जाळला तो विचार करून. तिची कथा पुसणाऱ्या कारकुनांना केवळ एक रिकामी फीत हवी होती.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्या काळातील अनेक कार्यक्रमांची गतही याहून फार निराळी झालेली नाही. म्हणून वाचकांना, आणि विशेषतः भिवंडीकरांना, एक विनंती करावीशी वाटते. साऱ्या प्रांताचे भंगार आणि जुना माल ज्या गोदामांतून फिरतो, ती तुमच्या दाराशी आहेत. आणि घरोघरच्या माळ्यांवर व्हिडिओ यंत्राच्या दिवसांत भरलेल्या कॅसेटी अजून पडून आहेत. त्यांवर कोणाच्या लग्नाचे चित्रण असेल, आणि त्याच फितीच्या शेवटी, उरलेल्या जागेत, दूरदर्शनवरचा एखादा भाग सहज टिपलेला असेल. त्या रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी एकवार चालवून पाहा; आणि काही जुने आढळले तर गावच्या ग्रंथालयात किंवा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात नेऊन दाखवा.